विश्लेषण : बोंडूपासून बाटलीपर्यंत... छोटी 'क्राफ्ट डिस्टिलरी' उभारायला नेमके काय लागते?

मार्च ते मे या काळात दोडामार्ग, सावंतवाडी, वेंगुर्ले भागातील काजूबागांमध्ये एकच वास भरून राहिलेला असतो : जमिनीवर पडून आंबणाऱ्या बोंडूंचा. काजूगर विकला जातो, बोंडू मात्र बहुतांशी कुजतो. सीमेपलीकडे गोव्यात त्याच बोंडूची फेणी होते आणि ती परदेशी पर्यटकांच्या पेल्यात जाते. काजूबोंडे, मोहफुले यांपासून तयार होणाऱ्या मद्याला 'देशी मद्या'च्या वर्गवारीतून बाहेर काढून 'विदेशी मद्या'चा दर्जा देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने एप्रिल २०२२ मध्ये घेतला. तेव्हापासून कोकणात आणि विदर्भातही 'आपली छोटी डिस्टिलरी' ही कल्पना चर्चेत असते. गोव्यातील क्राफ्ट जिनच्या यशाने तिला आणखी हवा दिली आहे. पण अशी डिस्टिलरी उभारायची म्हणजे नक्की काय उभारायचे?

'क्राफ्ट' म्हणजे काय?

भारतीय कायद्यात 'क्राफ्ट डिस्टिलरी' अशी वेगळी व्याख्या नाही. व्यवहारात हा शब्द दोन अगदी वेगळ्या उद्योगांसाठी वापरला जातो आणि उद्योगात उतरू पाहणाऱ्याने पहिल्या दिवशी हा फरक समजून घेतलेला बरा.

पहिला प्रकार तयार मद्यार्क विकत घेण्याचा. धान्यापासून किंवा उसाच्या मळीपासून मोठ्या कारखान्यात सुमारे ९६ टक्के शुद्धतेचा, जवळपास गंधहीन-चवहीन मद्यार्क बनतो. त्याला 'एक्स्ट्रा न्यूट्रल अल्कोहोल' अर्थात ईएनए म्हणतात. छोटा उत्पादक तो आणतो, पाणी घालून सौम्य करतो, त्यात जुनिपरची फळे, धणे, संत्र्याची साल वगैरे भिजवतो आणि तांब्याच्या छोट्या भांड्यात पुन्हा ऊर्ध्वपातन करतो. झाली जिन. २०१७-१८ पासून गोव्यात 'ग्रेटर दॅन', 'हापूसा', 'स्ट्रेंजर अँड सन्स' अशा जिन बाजारात आल्या. जिनसाठी भांडवल तुलनेने कमी लागते, जागा कमी लागते आणि मुख्य म्हणजे आज गाळलेली जिन थोड्याच दिवसांत विकता येते.

दुसरा प्रकार मुळापासून सुरू करण्याचा : फळ, फूल, धान्य किंवा गूळ घ्यायचा, तो आंबवायचा आणि त्यातून मद्यार्क काढायचा. फेणी, मोहाचे मद्य, माल्ट व्हिस्की ही या प्रकारची उदाहरणे. बोंडूचा प्रश्न सुटायचा असेल तर तो याच मार्गाने सुटेल. हा मार्ग कष्टाचा आहे, कारण इथे मद्यनिर्मितीआधी आंबवण्याचे शास्त्र सांभाळावे लागते आणि शेतमालाच्या हंगामाशी घड्याळ जुळवावे लागते. जाहिरातीत मात्र दोन्ही प्रकार 'हस्तनिर्मित' म्हणूनच मिरवतात.

गोव्यातील भट्टी काय शिकवते?

छोटी डिस्टिलरी ही काही युरोपातून आलेली नवी कल्पना नव्हे. गोव्यातील काजूची भट्टी हीच मुळात एक छोटी, हंगामी डिस्टिलरी आहे. झाडावरून आपोआप गळालेले पिकले बोंडू गोळा करायचे, बी पिळून वेगळी करायची, बोंडू तुडवून किंवा दाबून रस काढायचा. वेगळी यीस्ट न घालता साधारण तीन दिवस तो आंबू द्यायचा. मग 'भाण' म्हणजे तांब्याच्या हंड्यात तो लाकडाच्या आचेवर तापवायचा. वाफ नळीतून 'लावणी' या भांड्यात जाते आणि पाण्याने थंड होऊन तिचे द्रव होते. पहिल्या फेरीत मिळतो तो हुर्राक, साधारण १५ टक्के मद्यार्काचा. हुर्राक ताज्या रसात मिसळून पुन्हा गाळला की ४० टक्क्यांच्या वरची फेणी मिळते.

उपकरणे इतकी साधी का, याचे उत्तर अर्थशास्त्रात आहे. हंगाम जेमतेम तीन महिन्यांचा. वर्षातील नऊ महिने भट्टी बंद. अशा धंद्यात महागडी यंत्रे घालणे परवडत नाही. सिंधुदुर्गात चकचकीत तांब्याचा प्रकल्प उभारू पाहणाऱ्याने हा हिशेब आधी मांडायला हवा.

आधुनिक छोट्या प्रकल्पात काय काय असते?

क्रमाने पाहू. आधी फळ धुण्याची आणि रस काढण्याची सोय. बोंडू अत्यंत नाजूक. झाडाखाली पडल्यापासून एका दिवसात तो खराब होऊ लागतो. त्यामुळे प्रकल्प बागांच्या जवळ हवा. औद्योगिक वसाहतीत स्वस्त भूखंड मिळतो म्हणून ५० किलोमीटर दूर जाणे इथे महागात पडते.

पुढे आंबवण्याच्या टाक्या. त्या खाद्य दर्जाच्या स्टेनलेस स्टीलच्या असाव्यात आणि त्यांना बाहेरून थंड पाणी फिरवण्याची सोय असावी. आंबताना रस स्वतः तापतो. कोकणातील एप्रिलमध्ये ही उष्णता काढून घेतली नाही तर यीस्ट मरगळते, आंबट जिवाणू माजतात आणि मद्याऐवजी व्हिनेगरच्या दिशेने प्रवास सुरू होतो. पारंपरिक भट्टीवाला हे नाकाने ओळखतो. परवानाधारक उत्पादकाला तापमान, आम्लता आणि साखर यांची रोजची नोंद ठेवावीच लागते, कारण प्रत्येक बाटली आधीच्या बाटलीसारखी लागायला हवी.

मग ज्याच्यावर सगळ्यांचे डोळे खिळतात ते भांडे, म्हणजे 'स्टिल'. छोट्या उत्पादकासाठी ३०० ते १००० लिटरचे 'पॉट स्टिल' पुरते. हंडा, त्यावर कांद्याच्या आकाराचा घुमट आणि पुढे उतरत जाणारी मान. काही जण त्याला जाळ्यांचा छोटा उभा स्तंभ जोडतात. त्यात वाफ वारंवार थंड-गरम होत वर चढते आणि एकाच फेरीत अधिक तीव्र मद्यार्क मिळतो. स्तंभाने शुद्धता वाढते आणि फळाचा गंध कमी होतो. जिनसाठी स्तंभ उपयोगी. बोंडूसाठी साधा हंडाच बरा. ज्या वासासाठी एवढा खटाटोप, तोच घालवायचा कशाला?

तांबेच का, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. दिसायला देखणे असते हे आहेच, पण आंबताना तयार होणारी गंधकयुक्त, सडक्या अंड्यासारख्या वासाची संयुगे तांब्याशी प्रक्रिया होऊन अडकतात. पूर्ण स्टीलच्या भांड्यात ती थेट मद्यात उतरतात. तांब्याची किंमत मोजायची ती यासाठी. मात्र आम्लामुळे तांब्यावर हिरवा कळकट थर चढतो आणि तो प्रत्येक फेरीनंतर घासून काढावा लागतो.

आता थोडे गणित. बोंडूच्या रसात साखर साधारण १० ते १२ टक्के असते. ती आंबून सुमारे सहा टक्के मद्यार्क मिळतो. म्हणजे ५०० लिटर आंबलेल्या रसात ३० लिटर शुद्ध मद्यार्क. सुरुवातीचा आणि शेवटचा भाग बाजूला काढून, गळती धरून हाती २४ लिटर आले तर ४२.८ टक्के तीव्रतेचे सुमारे ५६ लिटर मद्य होते, म्हणजे ७५० मिलिलिटरच्या ७५ बाटल्या. (हा ४२.८ टक्के आकडा ब्रिटिशांच्या 'प्रूफ' मोजमापाचा वारसा : ५७.१ टक्के म्हणजे १०० प्रूफ, त्याचे ७५ टक्के.) दिवसाला ७५ बाटल्या आणि हंगामाचे ७५ दिवस धरले तरी वर्षाकाठी साडेपाच हजार बाटल्यांच्या आसपासच. त्यावर संपूर्ण प्रकल्पाचे कर्ज फिटायचे आहे.

सर्वात दुर्लक्षित गोष्ट कोणती?

पाणी. ५०० लिटर रस २८ अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला सुमारे ३८ युनिट वीज किंवा तेवढी उष्णता लागते. त्यातील १५० लिटरची वाफ करायला त्याच्या दुपटीहून अधिक. ही सगळी वाफेतली उष्णता पुन्हा थंड पाण्याला द्यायची असते. पाणी २८ अंशांवर आत आणि ५० अंशांवर बाहेर असे धरले तर एका फेरीला तीन हजार लिटरच्या आसपास पाणी लागते. बोंडूचा हंगाम आणि कोकणातील विहिरी तळाला जाण्याचा काळ नेमका एकच! त्यामुळे पाणी फिरवून वापरणारा कूलिंग टॉवर ही चैन ठरत नाही. तीव्रता कमी करण्यासाठी लागणारे पाणी वेगळे. ते क्षारमुक्त हवे, नाहीतर बाटलीत काही दिवसांनी पांढरट गाळ दिसू लागतो.

दुसरी गोष्ट आग. ४० टक्के तीव्रतेच्या मद्याची वाफ २६ अंश सेल्सिअसच्या आसपास पेट घेऊ शकते. कोकणातील उन्हाळ्यात खोलीचे तापमान त्याहून अधिकच असते. मद्यार्काची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचते. म्हणून ठिणगी न पडणारी विद्युत उपकरणे, खालच्या पातळीवर वायुवीजन आणि उघड्या ज्योतीऐवजी वाफेवर तापणारे स्टिल हा खर्च टाळता येत नाही.

आणि उरलेला स्पेंटवॉश. तो आम्लधर्मी आणि सेंद्रिय घटकांनी गच्च भरलेला असतो. ओढ्यात सोडला तर पाण्यातील प्राणवायू संपवून मासे मारतो. डिस्टिलरी हा प्रदूषणाच्या दृष्टीने 'लाल' श्रेणीतील उद्योग आहे. छोट्या प्रमाणात बायोगॅस किंवा कंपोस्टचा मार्ग आहे, मात्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीशिवाय पहिली फेरीही काढता येत नाही.

'पहिल्या धारेची' खरेच उत्तम?

मराठीत कडक, अस्सल गोष्टीला आपण 'पहिल्या धारेची' म्हणतो. मद्य गाळणारा मात्र अगदी पहिली धार फेकून देतो. तापवायला सुरुवात केल्यावर आधी बाहेर येतात ते ॲसिटाल्डिहाइड, इथाइल ॲसिटेट यांसारखे हलके घटक. त्यांना नेलपॉलिश रिमूव्हरसारखा झोंबणारा वास असतो. मग येतो मधला, गोडसर, स्वच्छ भाग. शेवटी जड 'फ्युजेल' तेले. त्यांचा वास ओल्या पुठ्ठ्यासारखा. मधला भाग कुठे सुरू करायचा आणि कुठे तोडायचा, हे ठरवणे हेच या धंद्यातील खरे कसब. हायड्रोमीटर आणि थर्मामीटर मदत करतात. शेवटचा निर्णय नाक आणि जीभ घेतात. हावरट उत्पादक कड लांबवतो आणि ग्राहकाचे दुसऱ्या दिवशी डोके दुखते.

इथे मिथेनॉलविषयीचा एक गैरसमज दूर करायला हवा. फळातील पेक्टिनमुळे आंबवताना थोडे मिथेनॉल तयार होतेच आणि पहिली धार काढली म्हणून ते पूर्ण जात नाही, कारण मिश्रणात ते इथेनॉलसोबत सगळीकडे उतरते. म्हणूनच प्रत्येक खेपेची प्रयोगशाळेत तपासणी लागते आणि भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या मद्यविषयक नियमांत त्याची मर्यादा ठरवलेली आहे. पण जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे शंभराहून अधिक बळी गेले, ते भट्टीवाल्याने धार नीट न तोडल्याने नव्हे. औद्योगिक मिथेनॉलच दारू म्हणून विकले गेले होते. हातभट्टीतील काळा गूळ आणि नवसागर यांची चर्चा होते तेवढी या औद्योगिक मिथेनॉलच्या गळतीची होत नाही.

परवाना कुणाचा, कायदा कोणता?

मद्य हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्य सूचीचा विषय. त्यामुळे प्रत्येक राज्याचा कायदा, कर, लेबल नोंदणी वेगळी. महाराष्ट्रात गंमत अशी की मद्यनिर्मितीचा परवाना मिळतो तो १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली. बंदी हा नियम आणि परवाना हा अपवाद, अशी त्याची रचना. गोव्यात १९६४ चा अबकारी कायदा आहे. तिथे काजूचे विभाग पाडून त्यांचा दरवर्षी लिलाव होतो आणि २०१६ मध्ये फेणीला 'वारसा पेय' म्हणून मान्यता देण्यात आली.

महाराष्ट्रात डिस्टिलरीतील प्रत्येक टाकी, प्रत्येक कुलूप राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या नजरेखाली असते. देखरेखीचा खर्च परवानाधारकाकडून घेतला जातो. लाखो लिटर गाळणाऱ्या कारखान्याला तो जाणवत नाही. साडेपाच हजार बाटल्यांच्या प्रकल्पाला तो कंबरडे मोडणारा ठरू शकतो. लहान उत्पादकाची खरी अडचण इथे आहे. नियम मोठ्यांना डोळ्यासमोर ठेवून लिहिलेले आहेत आणि त्यांत आकारानुसार पायऱ्या नाहीत. द्राक्ष उत्पादकांसाठी २००१ मध्ये राज्याने स्वतंत्र द्राक्ष प्रक्रिया धोरण आणले, म्हणून नाशिकमध्ये वायनरी उभ्या राहिल्या. बोंडू आणि मोहासाठी वर्गवारी बदलली, पण त्या तोडीची पूर्ण व्यवस्था उभी राहिली नाही.

कराचे चित्रही सरळ नाही. मानवी सेवनाचे मद्य जीएसटीबाहेर आहे. बाटली, बूच, लेबल, यंत्रे यांवर उत्पादक जीएसटी भरतो आणि त्याची वजावट त्याला मिळत नाही. जून २०२५ मध्ये राज्याने लिटरमागे २६० रुपयांपर्यंत निर्मितीमूल्य असलेल्या भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरील शुल्क निर्मितीमूल्याच्या तिप्पटीवरून साडेचार पट केले. त्याच वेळी 'महाराष्ट्र मेड लिकर' हा नवा प्रकार आणला, पण तो धान्याधारित मद्यासाठी. बोंडू त्यात बसत नाही.

कायद्याला लहान भट्टीची भीती का?

हे केवळ आपल्याकडचे नाही. मोठ्या भट्टीवर लक्ष ठेवणे सोपे, लहान भट्टी लपवता येते. त्यामुळे महसुली खात्यांना जगभर लहान भट्टी नकोशी वाटते. स्कॉटलंडमधील व्हिस्कीला कायद्याच्या चौकटीत आणणाऱ्या १८२३ च्या अबकारी कायद्याने परवान्यासाठी किमान ४० गॅलनचे भांडे बंधनकारक केले. ब्रिटनमधील १९७९ च्या कायद्यानुसार १८ हेक्टोलिटर म्हणजे १८०० लिटरपेक्षा लहान स्टिल असेल तर परवाना नाकारता येत असे. लंडनमधील 'सिपस्मिथ'च्या संस्थापकांनी ३०० लिटरच्या आसपासच्या तांब्याच्या स्टिलसाठी दीर्घ पाठपुरावा केला आणि २००९ मध्ये परवाना मिळवला. त्यानंतर ब्रिटनमध्ये छोट्या जिन डिस्टिलरींची लाट आली. २०१६ मध्ये ती कंपनी एका बहुराष्ट्रीय मद्य समूहाने विकत घेतली, हेही या कथेचे तितकेच खरे टोक आहे.

आपल्याकडचा इतिहास अधिक कडवट. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने गावोगावच्या भट्ट्या मोडून उत्पादन मोजक्या मक्तेदारांच्या हाती दिले. १८९२ च्या 'म्हौरा' कायद्याने तर ठाणे-कुलाब्याकडील आदिवासींना मोहफुले साठवण्यावरच बंधने घातली. मोहफुलांच्या संकलन व वाहतुकीवरील निर्बंध महाराष्ट्राने २०२१ मध्ये उठवले. मध्य प्रदेशने २०२२ मध्ये मोहाच्या मद्याला 'हेरिटेज' दर्जा देऊन आदिवासी बचत गटांना उत्पादनात आणले. फूल कुणी वेचायचे आणि नफा कुणी घ्यायचा, हा प्रश्न त्या धोरणात निदान विचारला तरी गेला.

नऊ महिने भट्टी बंद, मग?

उत्तर मिश्र उत्पादनात आहे. पावसाळ्यानंतर कोल्हापूरकडील काकवीपासून रम, कोकम-त्रिफळ घातलेली जिन, जांभूळ. ईएनएवर चालणारी जिन वर्षभर कर्जाचे हप्ते भरू शकते. बोंडू हंगामात ओळख देऊ शकतो. मात्र पेट्रोलमधील इथेनॉल मिश्रण २० टक्क्यांवर गेल्यापासून मळी आणि धान्यावर दोन गिऱ्हाइकांचा डोळा आहे आणि ईएनए खरेदीत छोट्या उत्पादकाला भावावर घासाघीस करण्याची ताकद नसते. पिंपात मुरवण्याचा मोह टाळावा, निदान सुरुवातीला. स्कॉटलंडमध्ये लाकडी पिंपातून वर्षाला दोन टक्क्यांच्या आसपास मद्य उडून जाते, भारतीय हवामानात दहा टक्क्यांच्या आसपास. कर्जाचे व्याज एकीकडून आणि हवा दुसरीकडून खाते.

विरोध कशासाठी?

'शेतकऱ्याचे उत्पन्न' हे कारण दारूच्या प्रत्येक नव्या धोरणासाठी पुढे केले जाते, म्हणून त्याकडे संशयाने पाहणाऱ्यांची चूक म्हणता येत नाही. उभी बाटली-आडवी बाटलीच्या मतदानातून गावोगावच्या स्त्रियांनी दुकाने बंद पाडली ती अनुभवातून. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटमध्ये वाइन विक्रीचा निर्णय झाला आणि विरोधानंतर तो अमलात आला नाही. मोहफुले जिथे विपुल, त्या गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. छोटी डिस्टिलरी महाग मद्य कमी प्रमाणात बनवते, त्यामुळे तिचा ग्राहक गावातील मजूर नव्हे, असा युक्तिवाद केला जातो. तो बऱ्याच अंशी खरा आहे. मात्र परवाना एकदा दिला की तो कमी प्रमाणातच राहील, याची तरतूद धोरणात लेखी असायला हवी. उत्पादनाची वार्षिक कमाल मर्यादा आणि बोंडूला किमान खरेदी भाव, या दोन अटी नसतील तर दोडामार्गचा बागायतदार पूर्वीइतकाच रिकाम्या हाताने राहील.

सिंधुदुर्गातील मद्याला फेणी म्हणता येईल?

नाही. 'फेणी'ला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते गोव्यासाठी. तेच झाड, 'वेंगुर्ला-४' किंवा 'वेंगुर्ला-७'चा बोंडू, तीच पद्धत आणि सीमेपासून दोन किलोमीटर अलीकडे असले तरी बाटलीवर फेणी लिहिता येणार नाही. नवे नाव शोधावे लागेल आणि ते विक्रीआधी प्रत्येक राज्यात लेबलसह वेगळे नोंदवून घ्यावे लागेल.